पाटील, आर. आर. (रावसाहेब रामराव)

(16 ऑगस्ट 1957 – 16 फेब्रुवारी 2015). सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातून सलग सहा वेळा विधानसभेवर निवडून आलेले आमदार, महाराष्ट्राचे ग्रामविकासमंत्री, गृहमंत्री व उपमुख्यमंत्री. जिल्ह्यात आणि पुढे राज्यातही ते ‘आबा’ म्हणूनच ओळखले गेले. जन्म तासगाव तालुक्यातील अंजनी या गावी, बेताच्या परिस्थितीतल्या शेतकरी कुटुंबात. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करत त्यांनी पदवी घेतली आणि पुढे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले.

त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना आधी सांगली जिल्ह्याची राजकीय रीत ध्यानात घ्यावी लागते. इथे आमदारकीच्या मागे सहसा एखादी संस्था उभी असते. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, बँक, नाहीतर शाळा-कॉलेजांचे जाळे. उसाची नोंद घेणारा कारखान्याचा चिटबॉय ज्या वस्तीवर पोचतो, त्या वस्तीवर निवडणुकीत उमेदवाराचा निरोप पोचवायला वेगळा माणूस लागत नाही. आबांच्याच पिढीतल्या जयंत पाटलांमागे वाळव्यात राजारामबापू कारखाना होता, तर पतंगराव कदमांनी पुण्यात 1964 साली भारती विद्यापीठ काढून मगच विधानसभेची वाट धरली होती. आबांकडे ना कारखाना होता, ना शिक्षणसंस्था. त्यांच्या सहा विजयांची ही सर्वांत ठळक बाब आहे, आणि विजयाचे मताधिक्य कमी-जास्त होत राहिले त्याचेही बरेचसे कारण इथेच सापडते.

तासगाव तालुका नकाशावर कृष्णाकाठच्या जिल्ह्यात मोडत असला, तरी त्याचा पूर्वभाग कोरडा आहे. सावळज, अंजनी, मणेराजुरी या पट्ट्यात उसापेक्षा द्राक्षबागेवर जीव. दुष्काळी वर्षात टँकरने पाणी विकत घेऊन बागा जगवायच्या, द्राक्षाचा दर पडला की माल रॅकवर टाकून बेदाणा करायचा, तो कोल्ड स्टोअरेजला ठेवायचा आणि तासगावच्या सौद्याची वाट बघायची, असा इथला हिशेब. बागाईतदार कर्जात असतो, पण कारखान्याच्या सभासदासारखा एका संस्थेला बांधलेला नसतो. संस्था नसलेला उमेदवार निवडून यायचा तर असाच तालुका लागतो, असे म्हणायला जागा आहे.

राजकारणाची सुरुवात 1979 मध्ये जिल्हा परिषदेपासून झाली. सावळज गटातून ते निवडून गेले आणि 1990 पर्यंत जिल्हा परिषदेत राहिले. या काळात ते वसंतदादा पाटील यांच्या गटातले तरुण कार्यकर्ते होते. वसंतदादांचे 1 मार्च 1989 रोजी निधन झाले. पुढच्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर आबा तासगावमधून पहिल्यांदा आमदार झाले. जयंत पाटीलही त्याच निवडणुकीत पहिल्यांदा विधानसभेत गेले. दादांनंतरच्या सांगलीचे राजकारण पुढची पंचवीस वर्षे बरेचसे या दोघांच्या आणि पतंगरावांच्या भोवती फिरत राहिले.

1995 ची निवडणूक काँग्रेसला जड गेली. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. सांगली जिल्ह्यात अपक्षांची लाट होती. पतंगराव कदमांसारखे मंत्री राहिलेले नेतेही त्यात पडले आणि शेजारच्या कवठेमहांकाळमधून अजितराव घोरपडे अपक्ष निवडून आले. आबांनी तासगाव राखले. पुढची साडेचार वर्षे ते विरोधी बाकावर होते, आणि त्यांचे राज्यभर नाव झाले ते याच काळात. लक्षवेधी सूचना हे त्यांचे मुख्य हत्यार होते. लक्षवेधी लागली की मंत्र्याला सभागृहात निवेदन करावे लागते आणि त्यावर उपप्रश्न झेलावे लागतात. कागद वाचून आलेल्या सदस्यापुढे मंत्र्याची तिथे तारांबळ उडते. आबा कागद वाचून येत. आवाज न चढवता, गावाकडच्या बोलीत, मध्येच एखादा चिमटा काढत ते मुद्दा मांडत, म्हणून समोरच्या बाकांवरही त्यांचे ऐकणारे लोक होते.

1999 मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला तेव्हा ते पवारांबरोबर गेले. तासगावमधून तिसऱ्यांदा निवडून आले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकासमंत्री झाले. त्या वेळपर्यंत ग्रामविकास हे खाते ज्येष्ठ नेते मागून घेत नसत. 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने हे चित्र बदलले. योजनेची रचना साधी होती. सरकारने अनुदान वाटत बसायचे नाही. गावांमध्ये स्पर्धा लावायची, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांवर तपासणी करायची आणि बक्षीस गावाला द्यायचे. गटारी, शोषखड्डे, शौचालये, रंगवलेल्या भिंती, रांगोळ्या, श्रमदान. तपासणी समिती येणार म्हटल्यावर ग्रामसेवकाची आणि सरपंचांची होणारी धावपळ त्या वर्षांत राज्यातल्या हजारो गावांनी पाहिली. पहाटे शिट्ट्या वाजवत, उघड्यावर बसणाऱ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत हिंडणारी पथकेही या मोहिमेच्या ओघात सगळ्यांच्या परिचयाची झाली. समितीची गाडी वेशीबाहेर पडली की काही गावांतली स्वच्छताही मागे हटत असे, हा आक्षेप खोटा नाही. तरीही शौचालय हा विषय ग्रामसभेत मोठ्याने बोलण्याचा झाला. केंद्र सरकारने 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

डिसेंबर 2003 मध्ये तेलगीचे बनावट मुद्रांकांचे प्रकरण तापले असताना छगन भुजबळांनी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ते खाते आबांकडे आले. 2004 च्या निवडणुकीत राष्ट्रवादीला 71 आणि काँग्रेसला 69 जागा मिळाल्या. जास्त जागा असूनही पवारांनी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडले. राष्ट्रवादीच्या वाट्याला उपमुख्यमंत्रिपद आले आणि चौथ्यांदा निवडून आलेले आबा गृहखात्यासह त्या पदावर बसले. जिल्हा परिषदेच्या सावळज गटातून निघालेला माणूस पंचवीस वर्षांत तिथवर पोचला होता.

गृहमंत्री म्हणून त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निर्णय म्हणजे 2005 ची डान्सबार बंदी. गावाकडे तिला मोठा पाठिंबा होता. जमिनी विकून आलेले पैसे पोरांनी बारमध्ये उधळल्याच्या कहाण्या घरोघरी ठाऊक होत्या. मुंबईत मात्र बारबालांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला, आणि तो सरकारने कधीच नीट सोडवला नाही. कायद्यातच एक कच्चा दुवा होता. तारांकित हॉटेलांना बंदीतून सूट होती. साध्या बारमधले नृत्य अश्लील आणि मोठ्या हॉटेलातले तसेच नृत्य चालते, हा भेद न्यायालयात टिकण्यासारखा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये तो निकाल कायम केला. 2014 मध्ये विधिमंडळाने सूट काढून टाकत पुन्हा कायदा केला, पण तोही न्यायालयात अडकला.

15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही ग्रामस्वच्छता अभियानाचीच गृहखात्यातली आवृत्ती म्हणता येईल. बांधाचा वाद, भाऊबंदकी, वाटणी, किरकोळ मारामाऱ्या गावच्या समितीने सामोपचाराने मिटवायच्या आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस द्यायचे. गावात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष हे नवे मानाचे पद तयार झाले. आधी वादातल्या पक्षकारांची, आणि मग या पदासाठीच भांडणारांची समजूत घालण्याची वेळही काही गावांवर आली.

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर पत्रकारांशी बोलताना, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होत असतात, अशा अर्थाचे हिंदी वाक्य त्यांच्या तोंडून गेले. सभागृहात शब्दांवर पकड असलेल्या माणसाला परक्या भाषेतल्या एका वाक्याने घेरले. 1 डिसेंबर 2008 रोजी त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ विलासराव देशमुखांनाही मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. गृहखाते तात्पुरते जिल्ह्यातल्याच जयंत पाटलांकडे गेले.

2009 ची निवडणूक नव्या मतदारसंघात झाली. पुनर्रचनेत जुने तासगाव आणि कवठेमहांकाळ मतदारसंघ संपून तासगाव-कवठेमहांकाळ (क्रमांक 287) हा एक मतदारसंघ तयार झाला. कवठेमहांकाळ हा घोरपडेंचा बालेकिल्ला. तरीही या पहिल्या लढतीत आबा साठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. नोव्हेंबर 2009 मध्ये गृहखाते पुन्हा त्यांच्याकडे आले आणि 2014 पर्यंत राहिले. नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांनी घेतले. इतर मंत्री जिथे जायला कचरत, तिथे ते नेमाने जात राहिले. दुसऱ्या कारकिर्दीचा ताळेबंद मात्र उजळ नाही. पुण्यातला जर्मन बेकरी स्फोट (2010), मुंबईतले जुलै 2011 चे स्फोट, आझाद मैदानावरची दंगल (2012) आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झालेली साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या हे सारे याच काळातले. आबांच्या स्वच्छ प्रतिमेबद्दल विरोधकही सहसा बोलत नसत. खात्यावरच्या पकडीबद्दल बोलत, आणि त्यात तथ्य होते.

2014 ची निवडणूक ही त्यांची शेवटची आणि बहुधा सर्वांत अवघड. त्याच वर्षी तासगावचे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी संजयकाका पाटील भाजपकडून 2,39,292 मतांच्या फरकाने सांगलीचे खासदार झाले होते. विधानसभेला आघाडी तुटली, युतीही तुटली आणि चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. घोरपडे भाजपचे उमेदवार झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदींची सभा थेट तासगावात झाली. तिथेच त्यांनी बाळासाहेब ठाकरेंबद्दलच्या आदरापोटी शिवसेनेविरुद्ध बोलणार नसल्याचे सांगितले, त्यामुळे ती सभा राज्यभर गाजली. प्रचारात आबांनीही बलात्काराचा आरोप असलेल्या एका प्रतिस्पर्ध्याबद्दल अत्यंत गैर शेरा मारला आणि नंतर माफी मागितली. निकालात त्यांना 1,08,310 आणि घोरपडेंना 85,900 मते पडली, फरक 22,410. जिल्ह्यातल्या आठपैकी चार जागा भाजपने घेतल्या असताना राष्ट्रवादीच्या हाती दोनच राहिल्या: इस्लामपूर आणि ही.

त्या डिसेंबरमध्ये तोंडाच्या कर्करोगावर त्यांची शस्त्रक्रिया झाली. 16 फेब्रुवारी 2015 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी सकाळी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अंजनीत अंत्यसंस्काराला लोटलेली गर्दी कुठल्याही संस्थेने गाड्या लावून आणलेली नव्हती.

एप्रिल 2015 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई पाटील उभ्या राहिल्या. भाजप, शिवसेना आणि काँग्रेस यांनी उमेदवार दिला नाही. त्याच दिवशी वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत शिवसेना आणि नारायण राणे यांच्यात जोरदार सामना सुरू होता, तासगावात मात्र निकालाची उत्सुकता फक्त आकड्यापुरती होती. सुमनताईंना 1,31,236 मते मिळाली आणि त्या 1,12,963 मतांनी जिंकल्या. आबांना स्वतःला हयातीत असे मताधिक्य कधी मिळाले नव्हते.

पुढचे आकडे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 2019 मध्ये सुमनताईंना 1,28,371 मते पडली; त्यांच्याविरुद्ध या वेळी शिवसेनेकडून लढलेल्या घोरपडेंना 65,839. 2024 मध्ये मुलगा रोहित पाटील, वय 25, राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून उभे राहिले. त्यांना 1,28,403 मते पडली, म्हणजे आईपेक्षा 32 जास्त. लोकसभेला वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांच्याकडून हरलेले संजयकाका अजित पवार गटाचे उमेदवार होते. त्यांना 1,00,759 मते मिळाली. पाच वर्षांत पक्ष फुटला, उमेदवार बदलला, मतदार वाढले, तरी पाटील घराण्याचा आकडा जागचा हलला नाही. हलला तो विरोधकांचा. मताधिक्य 62,532 वरून 27,644 वर आले ते घराण्याची मते घटल्यामुळे नव्हे, तर समोरची मते एका ठिकाणी आल्यामुळे. रोहित पाटील त्या विधानसभेतले सर्वांत तरुण आमदार ठरले.

त्या 2024 च्या प्रचारात आबा स्वतःही ओढले गेले. सिंचन गैरव्यवहाराच्या खुल्या चौकशीच्या फाइलवर गृहमंत्री म्हणून त्यांनी सही केली होती आणि आपला केसाने गळा कापला, असे पूर्वी जलसंपदा खाते सांभाळलेले अजित पवार तासगावच्या सभेत म्हणाले. ती सही सिंचनाच्या कागदावर होती, हेही इथल्या मतदाराच्या नजरेतून सुटण्यासारखे नव्हते. कारण म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचे पाणी कुठल्या गावाला मिळणार आणि कुठले सुटणार, हाच या मतदारसंघातला प्रत्येक निवडणुकीचा प्रश्न आहे. टेंभूच्या विस्तारित योजनेत वंचित गावे घ्यावीत म्हणून सुमनताईंनी ऑक्टोबर 2023 मध्ये सांगलीत उपोषण केले होते. त्या मागणीत सावळज भागातली गावे होती, जिथून आबा 1979 साली पहिल्यांदा निवडून गेले होते.