एए मीटिंग

दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसांनी ठरल्या वारी, ठरल्या वेळी एकत्र बसून आपापले अनुभव सांगायचे, अशा सभेला ‘एए मीटिंग’ किंवा नुसतेच ‘मीटिंग’ म्हणतात. ‘एए’ म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. इथे डॉक्टर उपचार करत नाही, फी घेतली जात नाही, हजेरीपट ठेवला जात नाही. सभासदत्वाची अट एकच: दारू थांबवण्याची इच्छा.

अशी सभा शोधण्याची खटपट चळवळीच्या जन्मापासूनची आहे. 11 मे 1935 रोजी न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. सौदा फिसकटलेला, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची यादी आणि टेलिफोन. दारूचा मोह टाळायला तो टेलिफोनकडे वळला आणि कोणा पिणाऱ्याशी गाठ घालून द्या, अशी विनवणी करत राहिला. दुसऱ्या दिवशी भेटले दारूच्या आहारी गेलेले शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक वेळ बसले, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचेच सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला. तोच संघटनेचा स्थापनादिन मानतात. भारतात एए 1957 साली मुंबईत सुरू झाली.

आजही पहिली मीटिंग सापडणे सोपे नसते. नाव गुप्त ठेवण्याचा नियम आत बसलेल्याला जितका आधार देतो, तितकाच बाहेरून शोधणाऱ्याला चकवतो. दारावर ठळक पाटी क्वचितच असते. चर्चच्या आवारातली खोली, महापालिकेच्या शाळेतला वर्ग, रुग्णालयातला एखादा हॉल, अशा ठिकाणी तासाभरासाठी समूह भरतो आणि उठून जातो. वार-वेळ-भाषा कळते ती संघटनेच्या मुंबईतील सेवा कार्यालयाकडून किंवा संकेतस्थळावरून, व्यसनमुक्ती केंद्रातून, मानसोपचार विभागातून; बहुधा आधी जाऊन आलेल्या कोणाकडून. केंद्र सरकारच्या 14446 या निःशुल्क क्रमांकावर व्यसनमुक्तीबद्दल सल्ला मिळतो. निघण्यापूर्वी मीटिंग ‘खुली’ आहे की ‘बंद’ एवढे विचारून घ्यावे. खुल्या सभेत नातेवाईक, विद्यार्थी कोणीही बसू शकतो. बंद सभा फक्त सभासदांसाठी किंवा पिणे थांबवू पाहणाऱ्यांसाठी असते.

आत गेल्यावर पुष्कळांची निराशाच होते: प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, भिंतीवर दारूतून बाहेर पडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांचा तक्ता. सुरुवातीला प्रार्थना, मग एकेक जण बोलतो: ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे.’ आडनाव सांगण्याची गरज नसते. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मधे कोणी तोडत नाही, उत्तर देत नाही, सल्लाही देत नाही. चार माणसे जमली की सल्ल्यांचा पूर येणाऱ्या आपल्याकडे हा शिरस्ता नवलाचाच. नव्याने आलेला नुसता ऐकून उठला तरी चालते. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते; तीत सभासदांनीच ऐच्छिक रक्कम टाकायची, बाहेरची देणगी घ्यायची नाही. पुढे एखाद्या जुन्या सभासदाला ‘स्पॉन्सर’, म्हणजे आपला वाटाड्या, करून रात्री-अपरात्री त्याला फोन करण्याची मुभा मिळते. दारूविना वर्ष पुरे झाले की ‘वाढदिवस’ साजरा होतो. मधे पाय घसरला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, मात्र खुर्ची कोणी काढून घेत नाही.

घरच्यांसाठी वेगळी सभा आहे. बिलची पत्नी लोइस आणि तिच्या मैत्रिणीने 1951 मध्ये ‘अल-अनॉन’ ही संघटना उभी केली. तिथे जाण्यासाठी नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे ‘फक्त आजचा दिवस’ हे एएच्या विचारातले सूत्र मराठी घरांत पोचले.

आक्षेप आहेतच. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख वारंवार येतो. ‘आपल्याला उमगलेला देव’ अशी सोय असली, तरी नास्तिकांना ते खटकते. त्यातून 1994 मध्ये स्मार्ट रिकव्हरीसारखे देवविरहित पर्याय निघाले. परिणामाबद्दल मात्र केवळ भक्तांच्या साक्षीवर विसंबावे लागत नाही. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, 27 अभ्यासांवर आधारित 2020 च्या आढाव्यात, एएशी जोडून देणारी पद्धतशीर उपचारपद्धती अखंड मद्यवर्जनासाठी इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरली.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हे इथे सांगायलाच हवे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. त्याने आधी डॉक्टर गाठावा, मीटिंग त्यासोबत किंवा त्यानंतर.

एकच मीटिंग पाहून मत बनवू नये, असे जुने सभासद सांगतात. दर समूहाचा सूर वेगळा असतो, भाषाही; मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी असे निरनिराळे समूह आहेत. बाईमाणसाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणे अधिक जड जाते, म्हणून काही ठिकाणी स्त्रियांच्या वेगळ्या सभा होतात. कोविडच्या टाळेबंदीत सभा झूमवर गेल्या, त्यांतल्या काही तिथेच राहिल्या. त्यामुळे आता परदेशातला मराठी माणूसही कॅमेरा बंद ठेवून, नावाच्या जागी नुसते एक अक्षर टाकून, कोपऱ्यात ऐकत बसू शकतो.