फुल कॉन्टॅक्ट कराटे : लढत व निकाल

हातमोजे न घालता, उघड्या मुठीने आणि पायाने पूर्ण ताकदीचे प्रहार करण्याची मुभा असलेल्या आणि त्या प्रहारांचा प्रतिस्पर्ध्यावर दिसून येणारा परिणाम हाच निकालाचा आधार मानणाऱ्या कराटे स्पर्धाप्रकारास फुल कॉन्टॅक्ट कराटे म्हणतात. पुण्यात शाळांच्या सभागृहांत आणि सोसायट्यांच्या आवारात चालणाऱ्या वर्गांमुळे पालकांच्या परिचयाचे झालेले कराटे बहुधा गुणपद्धतीचे असते. त्यात नियंत्रित प्रहाराला एक ते तीन गुण मिळतात आणि आठ गुणांची आघाडी घेणारा खेळाडू तेथेच विजयी ठरतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली खेळले गेले ते हेच कराटे. फुल कॉन्टॅक्टमध्ये स्पर्शाला गुण नाही.

हा प्रकार कराटेगुरू मासुतात्सु ओयामा (१९२३–९४) यांच्या क्योकुशिन या कराटे शैलीतून रुजला. ओयामा यांनी १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९६९ मध्ये पहिली अखिल जपान खुली स्पर्धा झाली, तर १९७५ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत कात्सुआकी सातो विजेते ठरले. जपानबाहेरचा पहिला जागतिक विजेता, ब्राझीलचे फ्रान्सिस्को फिल्हो, १९९९ मध्ये लाभला. ओयामा यांच्या निधनानंतर संघटनेची शकले झाल्यामुळे नियमांचे तपशील आज संघटनेगणिक बदलतात.

चेहऱ्यावर हाताने वा कोपराने मारणे निषिद्ध असते, मात्र डोक्यावर लाथ किंवा गुडघा चालतो. जांघेत मारणे, गुडघ्याच्या सांध्यावर लाथ घालणे, पकडणे, ढकलणे आणि पडलेल्यावर प्रहार करणे हेही वर्ज्य आहे. चेहऱ्यावर हाताने मारण्याच्या बंदीनेच लढतीचे रूप ठरवले आहे : खेळाडू अगदी जवळ उभे राहून छाती-पोटावर ठोसे आणि मांडीवर लाथा मारतात, आणि डोक्याकडे अचानक आलेली लाथ लढत क्षणात संपवू शकते. चेहऱ्याचे रक्षण करण्याची सवय यामुळे सुटते, हा आक्षेप रास्त आहे.

प्रहाराने प्रतिस्पर्धी खाली पडून तीन सेकंदांत उठू शकला नाही किंवा त्याने लढण्याची इच्छाच गमावली, तर ‘इप्पोन’ दिला जातो आणि लढत संपते. पुण्याच्या तालमींत वाढलेल्याला हे चितपटीसारखे वाटेल, कारण तिच्यानंतरही गुणांचा हिशेब उरत नाही. पडलेला तीन सेकंदांच्या आत उठून सावरला, तर ‘वाझा-आरी’ म्हणजे अर्धा इप्पोन मिळतो. अशा दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन होतो. नियमभंगास आधी ताकीद, मग दंड व शेवटी अपात्रता अशी चढती शिक्षा असते.

खरी कसोटी लागते ती दोघेही उभे राहिले असताना. मुख्य पंच आखाड्यात असतो आणि चार कोपऱ्यांत लाल व पांढरे निशाण घेतलेले चार पंच बसतात. तीन मिनिटांची फेरी संपताच चौघे निशाणाने कौल देतात, मुख्य पंच आपला कौल जोडतो, आणि पाचांपैकी किमान तिघांचे मत एका बाजूला पडले तर निकाल लागतो. पाहायचे असते ते नुकसान : मांडीवरील लाथांचा परिणाम साचत जातो, मग खेळाडू त्या पायावर भार टाकणे टाळतो, त्याचा पवित्रा बदलतो, तो मागे सरू लागतो. केवळ आवाज करणाऱ्या ठोशांपेक्षा हा बदल अधिक बोलका असतो आणि तो टिपणारा पंच घडायला वर्षे लागतात. नुकसान सारखेच असेल, तर परिणामकारक प्रहारांची संख्या आणि आक्रमकता विचारात घेतली जाते.

बहुमत झाले नाही, तर सामान्यतः दोन मिनिटांची जादा फेरी होते. त्यानंतरही बरोबरी राहिली, तर खुल्या, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या, गटात वजनाचा फरक पाहतात आणि तो ठरलेल्या मर्यादेइतका असल्यास हलक्या खेळाडूला विजय देतात. काही मोठ्या स्पर्धांत पुढची पायरी ‘तामेशिवारी’ची असते, म्हणजे मूठ, तळहाताची कड, कोपर आणि पायाची कड यांनी फोडलेल्या लाकडी फळ्यांची बेरीज. तीही समान निघाली, तर अखेरची जादा फेरी होते आणि तिच्यानंतर पंचांना बरोबरी देता येत नाही.