पियानो, ध्वनिफीत आणि एक अडचणीचे नाव

पियानो वाजवणाऱ्यानेच स्वतःचे वादन संगणकावर कापावे, ताणावे, त्यावर सिंथेसायझरचे थर चढवावेत आणि अखेरचे मिक्सिंगही आपणच करावे, ही पद्धत आता सर्रास दिसते. अशा संगीताला बहुतेक ठिकाणी ‘निओक्लासिकल’ असे म्हटले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते.

या पद्धतीचे मूळ सहसा 1948 मधल्या पॅरिसमध्ये शोधले जाते. तिथल्या रेडिओवरील एका अभियंत्याने आगगाड्या, स्वयंपाकाची भांडी आणि पियानो यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्या मुद्रणांतूनच रचना घडवल्या. ध्वनिफीत त्याच्या हाती नंतर आली. पियानोचा स्वर कानाला ओळखू येतो तो मुख्यतः हातोडी तारेवर आदळते त्या पहिल्या क्षणामुळे. तो क्षण कापून टाकला की उरलेला नाद कोणत्या वाद्याचा आहे हे सांगणे अवघड होते. आजच्या पियानो-इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या कितीतरी क्लृप्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. पुढे 1970 मध्ये जर्मनीत दोन पियानोंचे स्वर वादन चालू असतानाच रिंग मॉड्युलेटरमधून (दोन ध्वनी एकमेकांत मिसळून वेगळाच, धातूसारखा नाद देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून) बदलून ऐकवणारी रचना सादर झाली.

नावाचा प्रश्न मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. संगीताच्या इतिहासात ‘निओक्लासिकल’ हा शब्द पहिल्या महायुद्धानंतरच्या, विशेषतः 1920 च्या दशकातल्या, युरोपीय संगीतासाठी रूढ आहे. रोमँटिक काळातल्या भावनांच्या पुराला विटलेल्या रचनाकारांनी तेव्हा अठराव्या शतकातले आटोपशीर आकृतिबंध पुन्हा हाताळले. आजच्या संगीतातली पुनरावृत्ती अमेरिकेतल्या 1960 च्या दशकातल्या मिनिमलिझमकडून, म्हणजे छोटे स्वरतुकडे पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या शैलीकडून, आलेली आहे, संथपणा 1970 च्या दशकातल्या अँबियंट, म्हणजे वातावरणासारखे भोवती रेंगाळणाऱ्या, संगीताकडून, आणि हळवेपणा तर उघडच रोमँटिक आहे. म्हणजे मूळ निओक्लासिकल रचनाकारांनी जे टाकून दिले, तेच इथे त्यांच्या नावाखाली परत आले आहे. ‘पोस्ट-क्लासिकल’ आणि ‘मॉडर्न क्लासिकल’ असे पर्याय पुढे आले, परंतु त्यांपैकी एकही नीट रुजला नाही. मराठीत अडचण दुप्पट होते, कारण ‘शास्त्रीय’ म्हणताच रागसंगीत डोळ्यांसमोर येते आणि ‘नवअभिजात’ हा शब्द फार तर 1920 च्या दशकातल्या संगीतालाच शोभतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या संगीताची ओळख शैलीवरून न सांगता कामाच्या पद्धतीवरून सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल, कारण रचनाकार, वादक आणि ध्वनिमुद्रक या पूर्वी वेगळ्या असलेल्या तीन भूमिका एकाच माणसाकडे आल्या, हाच इथला खरा बदल आहे.

तो बदल 2000 नंतर ठळक झाला. इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या एका नामवंताने 2001 मधल्या आपल्या दुहेरी अल्बममध्ये संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या खऱ्या पियानोचे तुकडे घातले. पुढच्याच वर्षी एका जपानी पियानोवादकाचे विरळ स्वर आणि एका जर्मन कलावंताच्या बारीक इलेक्ट्रॉनिक टिकटिकी असा जोडअल्बम आला. नंतरच्या दशकात फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मऊ कापडाची, लाट आली. अनेक उभ्या पियानोंचे मधले पेडल दाबले की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा पट्टा उतरतो. ही सोय मुळात शेजाऱ्यांना त्रास न देता रियाज करण्यासाठी आहे. तिचा वापर करून मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ ठेवले की स्वर मऊ होतो आणि एरवी लपवली जाणारी हातोड्यांची खटखट, पेडलची करकर, वादकाचा श्वास हे सारे पुढे येते.

स्ट्रीमिंग सेवांच्या शांत पियानोच्या प्लेलिस्टांनी या आवाजाला प्रचंड श्रोते दिले, पण प्रयोगाची धारही बोथट केली. एका मोठ्या सेवेवर 30 सेकंदांनंतर ऐकणे मोजले जाते. अशा हिशेबात श्रोत्याला दचकवणारी सुरुवात परवडत नाही. आता फेल्ट पियानोचे तयार नमुने सॉफ्टवेअरच्या रूपात विकत मिळतात आणि त्यांतल्या अनेकांत पेडलच्या करकरीसाठी वेगळे बटण असते, त्यामुळे हातोडी, तार आणि फेल्ट यांपैकी काहीच नसलेल्या कीबोर्डवरही ती हवी तेवढी वाढवता येते.