टॉर्च ढकलायची की ओढायची?

केळी भरून रावेरहून निघालेल्या ट्रॉलीच्या चॅसिसला तडा जातो तो सहसा वेल्डच्या कडेलाच. वरून वेल्ड छान दिसतो, पण आत धातू एकजीव झालेला नसतो. यात वेल्डिंगची टॉर्च, म्हणजे हातात धरायची वायर सोडणारी बंदूक, कोणत्या दिशेने चालवली, याचाही वाटा असतो.

टॉर्चचं तोंड पुढे, म्हणजे न जोडलेल्या भागाकडे असेल तर आपण ढकलतोय. आर्कच्या, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, जोराने वितळलेला धातू पुढे सरकतो आणि आर्क त्या डबक्यावरच पडतो. खालच्या लोखंडाला थेट मार कमी बसतो, म्हणून वेल्ड रुंद, सपाट आणि उथळ होतो. टॉर्च ओढली की तोंड झालेल्या वेल्डकडे राहतं, डबकं मागे रेटलं जातं आणि आर्क कोऱ्या लोखंडावर पडतो. वेल्ड अरुंद, फुगीर आणि खोल होतो.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये हा प्रश्नच नाही. रॉड ६०१३ जातीचा असो की ७०१८, आडव्या जोडावर ओढायचंच. रॉडवरचा लेप (फ्लक्स) वितळून होणारी खपली, म्हणजे स्लॅग, धातूपेक्षा हलका. रॉड ढकलला तर स्लॅग डबक्याच्या पुढे धावतो, त्यावर धातू चढतो आणि खपली आतच गाडली जाते. चिपिंग हॅमरने ती निघत नाही, ग्राइंडर लावावा लागतो. फ्लक्स भरलेल्या वायरलाही हेच लागू. उभा जोड खालून वर घेताना मात्र रॉडचं टोक किंचित वर ठेवतात, कारण तिथे स्लॅग वजनाने खाली उतरतो.

खरी निवड मिगमध्ये, म्हणजे साधी वायर आणि हवा दूर ठेवणारा गॅस वापरून केलेल्या वेल्डिंगमध्ये. २ मिमी पत्र्याला ढकला, भोक पडण्याचा धोका कमी होतो. ६ मिमी चॅनेलला ओढा. दोन्हीकडे टॉर्चचा कल उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश पुरे. २५ च्या पुढे गेलात की गॅसबरोबर हवा ओढली जाते, वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात, शिंतोडेही वाढतात. ॲल्युमिनियम मात्र नेहमी ढकलूनच. ओढलं तर काळी काजळी धरते.

वैशाखात धुळे-जळगावकडे उघड्यावर काम करताना वारा गॅस उडवून लावतो. गॅस बेसुमार वाढवला तर प्रवाह खळबळतो आणि हवा आत येते. आडोसा करा, नाहीतर रॉड घ्या.

चॅसिसला हात लावण्याआधी ६ मिमी पट्टीचे दोन तुकडे उलट्या टी आकारात एकाच बाजूने जोडा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला घणाने झुकवून मोडा. मुळाशी पट्टीची मूळ धार तशीच सरळ दिसली तर धातू तिथवर मुरलेला नाही. अशा वेळी आधी करंट वाढवा. कमी करंटची भरपाई टॉर्च ओढून होत नाही. वेगही फार मंद नको, नाहीतर डबकं आर्कच्या पुढे सरकतं आणि ओढूनही वेल्ड उथळच राहतो.