मार्केन बेट होतं, व्होलेंडाम कधीच नव्हतं

अ‍ॅमस्टरडॅमच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत मार्केन आणि व्होलेंडाम ही पाण्याकाठची दोन्ही गावं एका दमात उरकतात आणि मग सगळ्याच फोटोंखाली ‘मार्केन बेट’ लिहिलं जातं. टोकदार पांढरी टोपी घालून स्टुडिओत काढलेला फोटो व्होलेंडामचा असतो. मार्केनचा पोशाख निराळा. व्होलेंडाम म्हणजे बंदरावरची दुकानं, तळलेली मासळी, गर्दी. ते कॅथलिक, मार्केन प्रोटेस्टंट.

खरी गल्लत होते ती पाण्याबाबत. व्होलेंडाम पहिल्यापासून मुख्य भूमीवरचं. १३५७ साली शेजारच्या एडाम शहराला समुद्राकडे जायची नवी वाट मिळाली, जुन्या बंदराचं तोंड बांध घालून बुजवलं आणि तिथे शेतकरी-कोळी येऊन राहिले. आजही बांधावर उभं राहिलात तर एका बाजूला बोटी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याहून खालच्या पातळीवर, घरं. गावाचा सगळा भरवसा त्या बांधावर.

मार्केनला तसा भरवसा नव्हता. तेराव्या शतकातल्या वादळी पुरांत ते मुख्य भूमीपासून तुटलं. भोवतीचे बांध बुटके, त्यामुळे हिवाळ्यात झुइडरझे समुद्राचं पाणी आत शिरायचं. लोकांनी मातीचे उंचवटे रचून त्यांवर दाटीवाटीने घरं बांधली. तिथे जागा पुरेना, तेव्हा लाकडी खांबांवर बांधली. त्या घरांना नुसतं ‘गोंडस’ म्हटलेलं मला अजिबात खपत नाही. जानेवारी १९१६ च्या पुरात या बेटावर १६ माणसं दगावली.

त्या पुरानंतर झुइडरझे अडवण्याच्या योजनेला जोर आला. १९१८ साली कायदा झाला आणि १९३२ साली उत्तरेकडचा सुमारे ३२ किलोमीटरचा बांध पुरा झाला. समुद्राचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. पुराची धास्ती गेली, तशी खांबांमधली मोकळी जागा लोकांनी भिंती घालून वापरात घेतली. बंदराजवळच्या घरांचा खालचा मजला बघा, तो असा मागाहून आलेला आहे.

‘बांध झाला आणि बेट संपलं’ असं जे सांगतात, ते दोन बांधांची सरमिसळ करतात. १९३२ नंतरही मार्केन चारी बाजूंनी पाण्यातच होतं. मुख्य भूमीला जोडणारा, आज बस जाते तो रस्त्याचा बांध १९५७ चा.

वेळ एकाच गावापुरता असेल, तर मार्केनला जा. बंदरावर कॉफी पिऊन परत फिरू नका. काठाकाठाने चालत पूर्व टोकाच्या १८३९ च्या दीपगृहापर्यंत जा.