शेकायचा दिवा आणि उन्हाचा दिवा

एप्रिलमधली गोष्ट. जुळे सोलापुरातल्या एका घरी लाल कानाचं कासव बघायला बोलावलं होतं. बाहेर 42 अंश, स्लॅबखालची खोली दिवे लागणीलाही तापलेली, आणि टाकीवर साठ वॅटचा पिवळा बल्ब. मुलगा म्हणाला, "काका, रोज सहा तास लावतो. एक दिवस चुकवला नाही." मी कासव हातात घेतलं आणि पाठीची मागची कड अंगठ्याने हलकेच दाबली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकली. तीन वर्षांच्या कासवाची पाठ अशी वाकता कामा नये. आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, सोलापुरात राहून त्याला आणखी ऊन कसलं पाहिजे?"

हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी त्यापायी एखादं जनावर अधू झालेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आपण "ऊन" म्हणतो तेव्हा त्यात ऊब आली, उजेड आला, सगळंच आलं. अंगणात ते एकत्रच पडतं, त्यामुळे वेगळं काढायची वेळ येत नाही. टाकीत मात्र ते वेगळं होतं. पिवळा बल्ब शेक देतो. उन्हात शेकाखेरीज जे असतं, ते त्या बल्बात नाही.

शेकाचं पटकन उरकतो, कारण ते बहुतेकांना जमतं. लाल कानाच्या कासवाला पाणी 24 ते 27 अंश आणि ऊन खायच्या दगडावर 32 ते 35 अंश लागतं. टाकीची दुसरी बाजू गार हवी, म्हणजे पुरे झालं की त्याला सरकता येतं. तापमान दगडावर थर्मामीटरचा प्रोब (वायरच्या टोकाचा भाग) टेकवून मोजायचं. काचेवर चिकटवायची पट्टी फक्त काचेचं तापमान सांगते. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला पाण्यात हीटर आणि दगडावर बल्ब, दोन्ही लागतात. मार्चमध्ये हीटर काढा. एप्रिल-मेमध्ये खोलीच 35 च्या पुढे गेली तर बल्बही बंद ठेवा आणि टाकी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा. रात्री लाल बल्ब लावायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. कासवाला लाल रंग चांगला दिसतो, त्याला अंधार मिळतच नाही.

आता खरी अडचण.

सूर्यप्रकाशात 280 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले अतिनील किरण असतात. दुकानाच्या भाषेत यूव्हीबी. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. ते कातडीवर पडले की तिथे डी3 जीवनसत्त्वाचं कच्चं रूप तयार होतं. मग अंगाच्या उबेने त्या कच्च्याचं हळूहळू पक्कं डी3 होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंडातून गेलं की ते कामाला लागतं आणि आतड्यातून कॅल्शियम अंगात घ्यायला मदत करतं. डी3 नसेल तर खाण्यात कॅल्शियमची पूड कितीही घाला, बहुतेक तशीच बाहेर पडते. रक्ताला मात्र कॅल्शियम लागतंच. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून उपसतं. कासवाचं कवच म्हणजे हाडच आहे, फासळ्या आणि कणा त्यातच जुळलेले असतात. त्या मुलाच्या कासवाची कड वाकली ती यामुळे. पुढची पायरी म्हणजे मऊ जबडा, थरथरणारे पाय.

यातला क्रम पाहा. किरणांनी सुरुवात करायची आणि उबेने ते काम पुरं करायचं. नुसता बल्ब लावलात तर पुरं करायला काही नसतंच. गार टाकीत नुसती यूव्हीबी ट्यूब लावलीत तर सुरू झालेलं काम रेंगाळतं. म्हणून दोन्ही दिवे एकाच दगडावर, शेजारी शेजारी.

सोलापूरकरांची फसगत नेमकी इथे होते. आपल्याकडे ऊब फुकट मिळते. पत्र्यातून येते, स्लॅबमधून येते, पश्चिमेच्या भिंतीतून रात्रभर येत राहते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना कोणाला वाटेल की या खोलीत ऊन नाही? पण यूव्हीबी भिंतीतून येत नाही, आणि साध्या खिडकीच्या काचेतूनही जवळपास येत नाही. काच उजेड आत सोडते, चटका आत सोडते आणि हे किरण अडवते. खिडकीशी ठेवलेलं कासव मान वर करून, मागचे पाय ताणून ऊन खात बसतं. बघणाऱ्याचं समाधान होतं. त्याच्या हाडांना त्यातलं काही पोचत नाही. म्हणजे आपल्या गावात शेकायचा दिवा कडक उन्हाळ्यात बंद ठेवता येईल, पण घरातल्या कासवाला उन्हाचा दिवा, म्हणजे यूव्हीबी ट्यूब, बारा महिने लागतो, मे महिन्यातसुद्धा. उलट मे महिन्यात खोलीची ऊब आयतीच असते, नुसती ट्यूब लावली तरी भागतं.

"मग गच्चीवर नेतो" म्हणालात तर उत्तमच. खऱ्या उन्हाची बरोबरी कुठलीही ट्यूब करत नाही. फक्त काचेची टाकी उचलून उन्हात ठेवू नका. ती बघता बघता तापते आणि आतलं जनावर मरतं. पसरट टब घ्या, थोडं पाणी घाला, निम्म्या टबावर फळी टाकून सावली करा आणि तिथेच बसून राहा. कावळे आणि मांजरं असतात. वेळेबद्दलही गैरसमज आहे. सकाळी सातचं कोवळं ऊन चांगलं असं आपण म्हणतो, पण सूर्य खाली असताना यूव्हीबी फार थोडे पोचतात. आपली सावली जितकी लांब, तितके ते कमी. उन्हाळ्यात नऊच्या आसपास अर्धा तास मला योग्य वाटतो. अकरानंतर नको.

दुकानात "यूव्ही" एवढंच वाचून दिवा घेणं हे सगळ्यात घातक. यूव्ही तीन तऱ्हेचे: ए, बी आणि सी. निळसर जांभळा ब्लॅकलाइट यूव्हीए देतो, त्याने डी3 होत नाही. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली ट्यूब यूव्हीसीची, 254 नॅनोमीटर. ती जंतू मारायला असते, डोळे आणि कातडी भाजते. अशी ट्यूब टाकीवर टांगलेली मी एका घरी पाहिली. कासवाच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. खोक्यावर "यूव्हीबी" आणि त्याचा टक्का छापलेला असेल तरच घ्या. लाल कानाच्या कासवाला 5 ते 6 टक्क्यांची लांब टी5 (बारीक व्यासाची) ट्यूब मला पसंत आहे, दगडापासून 25 ते 30 सेंटिमीटर वर, दिवसाला दहा-बारा तास. पिळाच्या बल्बाचा पल्ला फार कमी. मध्ये काचेचं झाकण अजिबात नको, आणि बारीक जाळीही बरेच किरण खाते.

डी3 ची पूड चालेल का, असं हमखास विचारतात. वैद्यकीय सल्ल्याने चालते, पण जास्त झाली तर बाधते. उन्हाने होणारं डी3 कातडी स्वतःच आवरते, जादा झालं की त्याचं निरुपयोगी पदार्थात रूपांतर होतं. म्हणून मी ट्यूबच्या बाजूने आहे.

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला शेक आणि किरण दोन्ही याहून तेज लागतात. बॉल पायथन हा अजगर रात्रीचा प्राणी, त्याला फार कमी. स्टार कासव घरात असेल तर दिव्याचा प्रश्नच येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते पाळता येत नाही, वनविभागाला कळवा.

ट्यूबचं आणखी एक. तिचा उजेड तसाच दिसत राहतो आणि यूव्हीबी आधीच ओसरलेले असतात. टी5 साधारण वर्षाने बदला. लावलेली तारीख मार्करने तिच्या टोकावर लिहून ठेवा.

त्या मुलाने तशी लिहिली. जनावरांच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, दगडावर ट्यूब बसली. दिवाळीत मी पुन्हा गेलो. मागची कड वर वळली होती ती तशीच आहे, ती आता सरळ होणार नाही. पण तिच्या भोवती नव्या वाढीची फिकट रेघ आली होती, नखाएवढ्या रुंदीची. मी तिथे अंगठा दाबला. वाकली नाही.