पार्श्वभूमी : हिरड्याचा अर्क आणि दातांची कीड

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक द्रावणाशी तुलना केल्याशिवाय या विषयावरचा शोधनिबंध क्वचितच पुरा होतो. १९७० साली डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांनी दात घासणं थांबवून दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने चूळ भरली, तरी दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचला नाही. तेव्हापासून हे द्रावण मोजपट्टी झालं. मात्र ते सलग वापरलं की दात तपकिरी पडतात, तोंडाची चव बदलते. वर्षानुवर्षं रोज वापरता येईल असा पर्याय हवा होता. भारतात हिरडा, बेहडा, आवळा हाताशी होतेच. त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्या जुन्याच, पण त्यांच्यामागे कीड लावणाऱ्या जंतूची कल्पना नव्हती.

तो जंतू, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ साली लंडनमध्ये किडक्या दातांतून वेगळा केला गेला आणि नंतर जवळजवळ विस्मरणात गेला. १९६०च्या दशकात हॅमस्टरवरच्या प्रयोगांनी कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते हे दाखवलं, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला.

खरा वाद आहे तो अर्काची ताकद मोजायची कशी, याचा. बहुतेक प्रयोगशाळांनी सोपी वाट धरली : अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीत जंतू पसरायचे, खाचेत अर्क घालायचा आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्वस्त आणि झटपट पद्धत आहे, पण तिने हिरड्यावर अन्याय केला आहे. हिरड्याचा जोर टॅनिनांत, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्यांत असतो. ते मोठे, प्रथिनांना चिकटणारे रेणू अगारमधून नीट पसरत नाहीत. वर्तुळ लहान आलं की अर्क निकामी ठरतो. उलट मद्यार्कातला अर्क घेऊन नुसत्या मद्यार्काची तुलना केली नाही, तर वर्तुळातलं श्रेय नेमकं कोणाचं हे कळत नाही.

शिवाय तोंडातला म्युटन्स बशीतल्यासारखा राहत नाही. साखरेपासून तो आम्ल तर करतोच, पण सुक्रोजपासून (नेहमीच्या साखरेपासून) ग्लुकान नावाचा चिकट पदार्थही विणतो आणि त्या थरात दडतो. आम्लता वाढून पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. म्हणून जंतू मेला का, यापेक्षा थर बसला का, आम्ल किती झालं, हे विचारायला हवं. अमेरिकेत क्रॅनबेरीवरचं काम गेल्या पंचवीस वर्षांत याच दिशेने गेलं : ग्लुकान बनवणाऱ्या विकरालाच अडवायचं. आपल्याकडे हा बदल उशिरा आला.

पुढे माणसांवरच्या चाचण्याही झाल्या. काहींत त्रिफळ्याच्या चुळांनी प्लाक क्लोरहेक्सिडीनइतकाच कमी केला. पण बऱ्याच चाचण्या काही आठवड्यांच्या होत्या आणि कीड पडायला महिने, वर्षं लागतात. लाळेतले जंतू घटले म्हणजे कीड थांबली, असं म्हणता येत नाही. त्यात १९९०च्या दशकापासून कीड हे एकट्या म्युटन्सचं काम नसून तोंडातल्या सगळ्या जंतूंचा तोल ढळल्याचा परिणाम आहे, ही मांडणी बळावली.

कच्च्या मालाचा प्रश्न त्याहून कमी चर्चिला जातो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं वेचतात तो बाळहिरडा म्हणजे कोवळं, वाळवलेलं फळ. पिकलेला हिरडा वेगळा. दोन्हींतलं टॅनिन सारखं नसतं. कोणतं फळ, कोणत्या अवस्थेतलं, पाण्यात काढलेलं की मद्यार्कात, हे नोंदवलं नाही तर दोन प्रयोगांचे निकाल शेजारी ठेवता येत नाहीत.